पाच एचपीची मोटार, दीड किलोवॅटचं काम

सांगली-साताऱ्याकडं विजेचा विषय निघाला की दोन प्रश्न ठरलेले असतात. लाईट किती वाजता येणार आणि बिल किती येणार. आलेल्या विजेतून काम किती झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. ऊर्जा कार्यक्षमतेचा सगळा विषय या न विचारलेल्या प्रश्नात आहे. दिवे मालवा, पंखा बंद करा, असला उपदेश त्यात नाही. पाणी तेवढंच, वारा तेवढाच, साखरेची पोतीही तेवढीच. फक्त त्यासाठी लागणारी युनिटं कमी.

कागदावर हा विषय फार गुळगुळीत दिसतो. जमिनीवर तो तसा नाही. बटण दाबणाराच जिथं बिल भरतो, तिथं गेल्या पंधरा-वीस वर्षांत बराच पल्ला गाठला गेला. जिथं बटण एकाच्या हातात आणि बिल दुसऱ्याच्या नावावर, तिथं गाडं रुतलेलं आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत या दोन्ही तऱ्हा शेजारीशेजारी बघायला मिळतात, म्हणून उदाहरणं इथलीच घेतो.

विहिरीवरचा हिशेब

वाळवा तालुक्यातली एखादी नेहमीची विहीर धरा. विहिरीतली पाण्याची पातळी आणि वरच्या रानातलं पाइपाचं तोंड यांत ३० मीटरचा फरक. मोटार पाच एचपीची. पाइपाखाली २०० लिटरचं बॅरल धरलं तर ते ४० सेकंदांत भरतं, म्हणजे सेकंदाला ५ लिटर पाणी. आता सेकंदाला जितके लिटर येतात त्याला उंचीच्या मीटरनी गुणा आणि १०० नं भागा. आलेला आकडा म्हणजे पाणी वर चढवायला खरोखर लागलेली शक्ती, किलोवॅटमध्ये. (काटेकोर गणितात ९.८१ नं गुणून हजारानं भागायचं असतं, पण बांधावर बसून तोंडी करायचं तर एवढं चालतं.) ५ गुणिले ३० भागिले १००, म्हणजे दीड किलोवॅट.

मोटार मात्र तारेतून पाच किलोवॅटच्या आसपास ओढत असते. मधले साडेतीन किलोवॅट गेले कुठं?

पाटाचं पाणी टेलला पोचेपर्यंत वाटेवरचा प्रत्येकजण आपला वाटा काढून घेतो, तसं इथं होतं. पहिला वाटा मोटारीचा. विजेचं फिरण्यात रूपांतर होताना शंभरातले वीस उष्णता होऊन जातात. चालू मोटारीच्या अंगावर हात ठेववत नाही तो त्यामुळं. दुसरा वाटा पंपाचा, आणि तो उरलेल्यातला निम्मा. तिसरा पाइपाचा, पाव हिस्सा. ०.८० गुणिले ०.५० गुणिले ०.७५ केलं की ०.३० उरतात. शंभर रुपयांच्या विजेत तीस रुपयांचं पाणी. हे मुद्दाम शोधून काढलेलं वाईट उदाहरण नाही. देशात शेतीपंपांच्या ज्या पाहण्या झाल्या, त्यांत २० ते ३५ टक्के हाच पट्टा पुन्हा पुन्हा आलेला आहे. जुळणी नीट केली तर हाच आकडा पन्नाशीपर्यंत नेता येतो.

यातला पाइपाचा भाग मला सगळ्यात मजेशीर वाटतो, कारण तिथं थोडक्या पैशात सगळ्यात जास्त फरक पडतो. दोन इंची पाइपातून सेकंदाला ५ लिटर पाणी ढकललं, तर ८० मीटर लांबीत घर्षणापायी साधारण १० मीटरची चढण वाया जाते. म्हणजे विहीर ३० मीटरची असली तरी पंपाला ती ४० मीटरची वाटते. आता तोच पाइप अडीच इंची टाका. घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या पटीत उतरतं, त्यामुळं व्यास फक्त सव्वापट झाला तरी घर्षण एक तृतीयांशावर येतं. १० मीटरचे सव्वातीन मीटर. एल्बो, विनाकारण घातलेली वळणं आणि विहिरीत बुडालेल्या पाइपाच्या टोकाला असतो त्या फूट व्हॉल्व्हची बारीक भोकांची जाळी, हे सगळं याच खात्यात जमा होतं.

पंपाचं दुखणं निराळं आहे. प्रत्येक पंपाची एक ठरलेली जागा असते: अमुक उंचीला अमुक पाणी. त्या जागेवर तो साठ टक्क्यांच्या घरात काम देतो, तिथून दूर नेला की घसरतो. ही जागा पंपाबरोबरच्या तक्त्यात छापलेली असते, आणि तो तक्ता खोक्याबरोबर उकिरड्यावर जातो. दुकानात विचारला जातो तो फक्त एचपी. शेजाऱ्याची पाचची आहे ना, मग आपण साडेसातची घेऊ. वाळवा तालुक्याला लागूनच पलूस, आणि पलूस तालुक्यात किर्लोस्करवाडी. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या माळावर कारखाना उभा केला आणि पुढं तिथले पंप देशभर गेले. चांगल्या पंपासाठी आपल्याला लांब जायला नको. घोळ होतो तो निवडताना.

मग एक दिवस मोटार जळते. ऊस वाळायला लागलेला, पाण्याची पाळी आलेली. तालुक्याच्या गावातल्या वायंडिंगच्या, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार भरून देणाऱ्या, दुकानात संवाद साधारण असा होतो.

"आण्णा, वरिजनल गेजची तार शिल्लक न्हाई. जरा बारीक घालू का?"

"घाल की. पर उद्या सकाळी मोटार पायजे बघ."

तार बारीक झाली की तिचा रोध वाढला, रोध वाढला की उष्णता वाढली. शिवाय जुनी तार सुटावी म्हणून स्टेटर (मोटारीचा न फिरणारा लोखंडी भाग) पेटवून भाजला असेल, तर आतल्या पत्र्यांवरचा इन्सुलेशनचा थर जळतो आणि लोखंडातली गळतीही वाढते. अशा प्रत्येक भरण्यात एक-दोन टक्के कार्यक्षमता जाते. तीन-चार वेळा भरलेली मोटार चालते खरी, पण कशी चालते हे कुणी मोजत नाही.

मोटार जळण्याचं मूळही बऱ्याचदा डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, असतं. प्रत्येकानं ऑटो स्विच बसवलेला. लाईट आली की डीपीवरच्या सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू होतात आणि व्होल्टेज बसतं. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच कामासाठी करंट जास्त, आणि तारेतली गळती करंटच्या वर्गानं वाढते. करंट २० टक्क्यांनी वाढला तर गळती ४४ टक्क्यांनी. ऑटो स्विच काढा आणि कॅपॅसिटर (मोटार ओढते तो जादा करंट कमी करणारा डबा) बसवा, असं महावितरण दर हंगामात सांगत असतं. सल्ला बरोबर आहे. पण रात्री दोनला लाईट येणार असेल तर ऑटो स्विच कोण काढणार? थंडीत, बिबट्याच्या भीतीत, बॅटरी घेऊन बटण दाबायला जायचं सांगणाऱ्यानं आधी एकदा स्वतः जाऊन यावं.

बचत कुणाच्या खिशात

वरच्या यादीतलं एकही काम अवघड नाही. रुंद पाइप, मोकळा फूट व्हॉल्व्ह, कॅपॅसिटर, नीट भरलेली मोटार. खर्च काही हजारांचा. तरीही शेतकरी हे करत नाही, आणि त्याच्या जागी बसून पाहिलं तर त्याचं काही चुकत नाही.

मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षं साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना वीजबिल माफ आहे. लाभ सुमारे ४४ लाख शेतकऱ्यांना, आणि राज्याच्या तिजोरीवर वर्षाचा भार १४,७६० कोटी रुपयांचा. त्याआधीही असंख्य पंपांना मीटर नव्हताच. एचपीवर बिल यायचं, चालला किती याच्याशी त्याचा संबंध नसायचा. अशा वेळी एखाद्यानं पदरचे आठ हजार घालून वर्षाला हजार युनिटं वाचवली, तर ती बचत तिजोरीची. त्याच्या खिशात दमडी येत नाही.

मोफत वीज बंद करा, असं मला म्हणायचं नाही. उसाचे आणि द्राक्षाचे भाव, खताचा खर्च, हे सगळं बाजूला ठेवून फक्त विजेवर बोट ठेवणं सोपं असतं. पण योजना आखताना बचतीचं दार पूर्ण बंद करायची काय गरज होती, हा प्रश्न उरतोच. पंजाबनं २०१८ साली 'पाणी बचाओ, पैसा कमाओ' नावाची योजना काढली. तिथंही शेतीची वीज फुकट. त्यांनी पंपांना ठराविक युनिटांचा कोटा दिला आणि कोट्यातून वाचलेल्या प्रत्येक युनिटामागं शेतकऱ्याला ४ रुपये देऊ केले. फुकट वीज फुकटच राहिली, पण वाचवण्याला किंमत आली.

आपल्याकडं प्रयोग झालेच नाहीत असं नाही. जतच्या पलीकडं सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्यात देशातला पहिला शेतीपंप बदलाचा पथदर्शी प्रकल्प झाला. दोन हजारांवर जुने पंप काढून स्टार रेटिंगचे बसवले आणि बचत मोजूनही दाखवली. ते काम तिथून पुढं सगळीकडं पसरायला हवं होतं. तसं झालं नाही.

एक गोष्ट मात्र शेतकऱ्याला आजही पटू शकते. त्याला युनिटाशी देणंघेणं नाही, पण तासांशी आहे. थ्री फेज आठ तास मिळते, आणि त्या आठ तासांत किती रान भिजलं हा त्याचा खरा हिशेब. दोन इंचीचा अडीच इंची पाइप केला की त्याच मोटारीतून त्याच वेळात पाणी जास्त येतं. 'वीज वाचवा'पेक्षा 'एक वाफा जादा भिजेल' हे वाक्य शिवारात लवकर चालतं, असा माझा अंदाज आहे. कार्यक्षमतेचं प्रबोधन करणाऱ्यांनी हे वाक्य उचलायला हरकत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि ती टाळता येणार नाही. जादा पाणी आलं तर ते जातं कुठं? वाळवा, पलूस, मिरज या नदीकाठच्या पट्ट्यात क्षारपड रानं डोळ्यांनी दिसतात. वर पांढरी पापुद्री, खाली चिखल, आत काही येत नाही. रात्रीची लाईट, ऑटो स्विच, फुकट वीज आणि सरीत सोडून दिलेलं पाणी यांचा त्यात मोठा हात आहे. ठिबकनं पाणी वाचतं तेव्हा पंपाचे तासही वाचतात. तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागांनी ते कधीच आपलंसं केलं, कारण तिथं पाणीच मोजकं. पण ठिबकनं वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर विहिरीची पातळी आणि विजेचा आकडा जिथल्या तिथं राहतो. जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थतज्ज्ञानं १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं होतं: इंजिनं काटकसरी झाली की कोळसा कमी खपत नाही, उलट इंजिनं वाढतात. सौरपंपाला हा इशारा तंतोतंत लागू पडतो. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालू ठेवता येतो. पाणी मात्र ऊन पडलं म्हणून वाढत नाही.

नदीतून डोंगरावर

एका विहिरीचं गणित मोठं केलं की टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजना समोर येतात. कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जतच्या माळावर न्यायचं. या योजनांनी दुष्काळी पट्ट्याचं रूप बदललं, त्याबद्दल वाद नाही. पण पाणी उचलण्याची किंमत किती हे एकदा आकड्यात बघावं. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. ते फक्त १०० मीटर उचलायला, कुठंही काहीही वाया न जाता, ७७ लाख युनिटं लागतात. हे निसर्गाचं भाडं. त्यात घासाघीस नाही. पंप, मोटार आणि पाइप मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली तर आकडा १ कोटी १० लाखांवर जातो. ती ७५ वर नेली, तर टीएमसीमागं सात लाखांहून जास्त युनिटं वाचतात. पाच टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात, म्हणून हे मांडलं.

त्यापेक्षा मोठी बचत पुढं आहे. इतक्या खर्चानं वर चढवलेलं पाणी उघड्या कालव्यातून झिरपून किंवा वाफ होऊन गेलं, तर त्याच्याबरोबर तेवढी वीजही गेली. म्हणून टेंभूवर बंदिस्त पाइपातून वाटपाचं काम झालं, ते पाणी वाचवण्याइतकंच वीज वाचवण्याचंही काम आहे. या योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के शासन आणि १९ टक्के लाभधारक अशी वाटणी आहे. शेतीपंपाच्या मानानं इथं निदान थोडा तरी चटका लाभधारकाला बसतो. थकबाकीपायी आवर्तन अडलं की त्याची आठवणही होते.

कोयनेची वीज १,९६० मेगावॅटची, आपल्या पाटण तालुक्यातल्या धरणाच्या जोरावर. तिथं खाली पडणाऱ्या पाण्यातून वीज काढायची आणि इकडं वीज घालून पाणी वर चढवायचं, असा हा कृष्णा खोऱ्यातला उलटसुलट कारभार आहे. प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं गळतं.

शेडमधला सूं आवाज

आता बिल स्वतः भरणाऱ्यांकडं येऊ. कुपवाड, मिरज, पलूस, सातारा इथल्या औद्योगिक वसाहतींत चित्र बरंच वेगळं आहे. विजेचा दर जिव्हारी लागतो, त्यामुळं मालक स्वतः मीटर बघतो. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे नुसत्या कामाला आलेल्या विजेऐवजी तारेतून ओढलेल्या एकूण विजेवर येऊ लागलं; त्यामुळं पॉवर फॅक्टर (ओढलेल्या विजेतला कामाला आलेला वाटा) बिघडला की त्याचा भुर्दंड सरळ युनिटात. त्यानंतर कॅपॅसिटर पॅनल नीट चालतंय का हे बघायला कुणी उपदेश करावा लागला नाही.

तरीही गळती आहेच. सुट्टीच्या दिवशी दुपारी एखाद्या शेडमध्ये जाऊन उभं राहा. मशिनं बंद, पोरं घरी. तरी कुठूनतरी सूं असा बारीक आवाज येतो, आणि दर काही मिनिटांनी कॉम्प्रेसर धडधडून चालू होतो, थोडा वेळ चालून बंद होतो. हवा कुणी वापरत नाही. ती गळतेय आणि हा भरतोय. साबणाचं पाणी ब्रशनं जोडांवर लावत गेलं की बुडबुडे सांगतात कुठं. सात बार दाबाच्या हवेच्या लाइनला तीन मिलिमीटरचं एक भोक असेल, तर तेवढ्यासाठी कॉम्प्रेसर सुमारे तीन किलोवॅट खातो. वर्षाचे ७,२०० तास धरले तर २१ हजारांवर युनिटं. युनिटला ९ रुपये धरले तरी दोन लाखांच्या आसपास. दुरुस्तीला लागतो शंभर-दोनशे रुपयांचा कपलर आणि टेफ्लॉन टेप. दाबलेली हवा ही कारखान्यातली सगळ्यात महाग वस्तू आहे, कारण कॉम्प्रेसरला दिलेल्या विजेतला दहा-पंधरा टक्केच भाग शेवटी कामाला येतो. आणि तीच हवा कपड्यावरची धूळ झटकायला वापरतात.

मोटारीचं गणितही मालकांनी एकदा पाठ करून ठेवावं. दहा एचपीची मोटार जुन्या आयई-१ दर्जाची असेल तर कार्यक्षमता ८६ टक्के, आयई-३ असेल तर ९०.४. वर्षाला सहा हजार तास पूर्ण लोडवर चालली तर फरक अडीच हजार युनिटांचा, म्हणजे साधारण २३ हजार रुपये. मोटारीची खरेदी एकदाच आणि तिचं बिल वर्षानुवर्षं; दहा एचपीच्या त्या मोटारीचं वर्षाचं बिल साडेचार लाखांच्या पुढं जातं. हे डोळ्यांपुढं असेल तर जळलेली जुनी मोटार चौथ्यांदा भरायला पाठवण्याआधी मालक थांबेल. विट्याच्या यंत्रमागांना हे जास्तच लागू, कारण तिथं एकेका शेडमध्ये अनेक छोट्या मोटारी दिवसरात्र पळत असतात.

पंखे, ब्लोअर आणि पंपांना व्हीएफडी (मोटारीचा वेग कमीजास्त करणारं यंत्र) लावण्यात याहून मोठी मेख आहे. वेग ८० टक्क्यांवर आणला की लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते, कारण ती वेगाच्या घनानं उतरते. आपल्याकडं मात्र अजून पुष्कळ ठिकाणी मोटार पूर्ण वेगानं पळवायची आणि पुढं व्हॉल्व्ह अर्धा बंद करायचा, असा कारभार चालतो.

फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, विजेवर धातू वितळवणाऱ्या इंडक्शन भट्टीला टनामागं साडेपाचशे ते साडेसहाशे युनिटं लागतात. हा शंभर युनिटांचा फरक बहुतेक वेळा भट्टीच्या कंपनीवर नसतो; झाकण उघडं राहिलं, स्पेक्ट्रोचा (धातूची घटकं तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट येईपर्यंत वितळलेला रस धरून ठेवला, मोल्ड तयार नव्हते, यांवर असतो. तेव्हा उपाय विजेच्या खात्यात शोधण्याऐवजी कामाच्या आखणीत शोधावा लागतो. आता गिऱ्हाइकंही विचारू लागली आहेत. युरोपनं लोखंड-पोलादासह काही मालावर कार्बन शुल्काची व्यवस्था आणली असून १ जानेवारी २०२६ पासून तिचा प्रत्यक्ष टप्पा सुरू झाला. मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडं टनामागं किती ऊर्जा लागली याचा कागद मागतात, आणि हा कागद ज्याच्याकडं तयार असेल त्याचं पारडं जड.

पैशाची सोय पूर्वीपेक्षा बरी आहे. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं २०२५ साली लहान उद्योगांसाठी कार्यक्षम यंत्रं घ्यायला व्याज सवलतीची योजना सुरू केली; सूक्ष्म आणि लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के, मध्यमांना ३ टक्के सूट. फाउंड्री, फोर्जिंग, कापड, अन्नप्रक्रिया ही क्षेत्रं तिच्यात आहेत, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांतला बराच उद्योग आला. मोठ्या कारखान्यांसाठी हा रस्ता आधीच आखलेला होता: २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा, २००२ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, आणि २०१२ पासून ४७८ मोठ्या कारखान्यांना नेमून दिलेली बचतीची उद्दिष्टं. उद्दिष्टापेक्षा जास्त वाचवलं तर प्रमाणपत्र मिळतं आणि ते विकता येतं. २०२३ साली त्याच्या पुढची पायरी म्हणून कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना अधिसूचित झाली.

एकाच वाफेची दोन कामं

साखर कारखान्याचा उल्लेख केल्याशिवाय या भागातला ऊर्जेचा लेख पुरा होत नाही. टनभर उसातून पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे रस काढल्यावरचं चिपाड, निघतं. ते बॉयलरमध्ये जाळून जास्त दाबाची वाफ करायची, ती आधी टर्बाइनमधून नेऊन वीज काढायची आणि बाहेर पडलेल्या कमी दाबाच्या वाफेवर रस आटवायचा. एका वाफेची दोन कामं. जुने बॉयलर २०-३० बारचे असायचे. सहवीजनिर्मितीसाठी ६७, ८७, ११० बारचे आले आणि त्याच बगॅसमधून कितीतरी जास्त वीज निघू लागली.

रस आटवण्याचीही एक जुनी हिकमत आहे. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्याला चुलीसारखी द्यायची. तिथं दाब कमी ठेवला की रस कमी तापमानाला उकळतो. तसंच तिसऱ्याला, चौथ्याला, पाचव्याला. नॉर्बर्ट रिल्यू या अमेरिकन अभियंत्यानं १८४३ साली याचं पेटंट घेतलं, आणि आज कुठल्याही कारखान्याच्या बॉयलिंग हाऊसमध्ये तीच पद्धत दिसते. पूर्वी उसाच्या वजनाच्या निम्मी वाफ लागायची. चांगले कारखाने ३५ टक्क्यांच्या आसपास आले. वाचलेली वाफ म्हणजे वाचलेलं बगॅस, आणि ते हंगाम संपल्यावरही वीज करायला उरतं. विकता येणारी बचत असल्यामुळं संचालक मंडळाच्या बैठकीत यावर चर्चा होते. शेतीपंपावर तशी बैठक कुणी घेत नाही.

घरातलं थोडक्यात

घराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथली मोठी लढाई बरीचशी जिंकलेली आहे. २०१५ ला उजाला योजना सुरू झाली, घाऊक खरेदीत ३१० रुपयांचा एलईडी बल्ब चाळिशीच्या खाली आला, आणि ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटले गेले. इतकी स्वस्ताई झाली की आता पिवळा बल्ब शोधावा लागतो. उरला तो पंखा. नेहमीचा पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटारीचा) ३० च्या आसपास. वर्षाला तीन हजार तास चालला तर १३५ युनिटांचा फरक; युनिटला दहा रुपये धरले तर साडेतेराशे. दोन्ही पंख्यांच्या किमतीतला फरक वर्षा-दीड वर्षात फिटतो. आधी तो पंखा बदला ज्याखाली घरातलं माणूस झोपतं. पाहुण्यांच्या खोलीतला राहू दे. फ्रिज किंवा एसी घेताना ताऱ्यांबरोबर लेबलवरचं वर्षही वाचा. निकष वेळोवेळी कडक होत जातात, त्यामुळं गोदामातला जुना पाच तारे आजच्या मोजमापात तीनवर येऊ शकतो.

पुढचं दार

भविष्यात सगळ्यात मोठी संधी कुठं, असं विचारलं तर माझं उत्तर पुन्हा शेतीच्या फीडरवर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीपंपांकडं निघणाऱ्या वीजवाहिनीवर, येतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत उपकेंद्राजवळ सौरप्रकल्प उभारून शेतीचे फीडर दिवसा चालवण्याचं काम सुरू आहे. दिवसा लाईट आली की रात्रीच्या पाण्याची सक्ती जाते, ऑटो स्विचची गरज जाते, आणि पाणी सोडून झोपायची वेळ येत नाही. एवढ्यानंच बरीच गळती आपोआप थांबेल. पण सौरऊर्जा आली म्हणजे कार्यक्षमता आली, असं समजून सगळे गप्प बसतील ही भीती मला वाटते. ३० टक्क्यांचा पंप सौर विजेवरही ३० टक्क्यांचाच राहतो. फक्त पन्नास टक्क्यांच्या पंपाच्या मानानं त्याच्यासाठी पॅनल दीडपटीहून जास्त लावावे लागतात, आणि त्यांखाली जमीनही तेवढीच जास्त अडकते.

त्यापेक्षा फीडर हाच हिशेबाचा घटक धरता येईल. एका फीडरवर दोनशे-तीनशे पंप. मागच्या तीन वर्षांची सरासरी काढायची. पाऊसमान बघून ती थोडी वरखाली करायची. गावानं मिळून पाइप, फूट व्हॉल्व्ह, कॅपॅसिटर आणि ठिबक यांतून जितकी युनिटं वाचवली, त्यांचे ठरलेल्या दरानं पैसे गावाच्या पाणी संस्थेला द्यायचे. दुपारची उरलेली सौर वीज जवळच्या एमआयडीसीला विकली जाईल, म्हणजे पैसाही कुठूनतरी येतोच. प्रत्येक पंपाला मीटर बसवायला गेलं की विरोध होतो, आणि तो का होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे; अशा योजनेत त्याची गरजच पडत नाही. गावठाण आणि शेतीचे फीडर पुष्कळ ठिकाणी आधीच वेगळे झालेले आहेत. मीटर एकच लागतो, आणि तो उपकेंद्रात फीडरच्या पॅनलवर बसवलेला आहे.